हळदीकुंकवाला नेलेलं पाऱ्याचं यंत्र

माणसांची नावं मी आता विसरते, पण हाताच्या शिरा विसरत नाही. परवा भाजीच्या गाडीपाशी एका बाईंनी "ओळखलंत काय?" म्हणून खांद्यावर हात ठेवला. मी नुसती हसत राहिले. मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तेव्हा कोपराच्या खोबणीकडं नजर गेली आणि ओळख पटली. डावी शीर खोल, बोटानं चाचपून शोधावी लागणारी. उजवी वर दिसणारी, पण सुई लागली की बाजूला सरकणारी. आडनाव घरी आल्यावर आठवलं. तीस वर्षं लोकांचं रक्त काढलं त्याचा हा परिणाम, दुसरं काय.

मी लॅब टेक्निशियन होते. बनशंकरीत एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर आमची लॅब होती. दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रिज आणि एक डॉक्टर. आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. आजोबांच्या आजोबांनी इथं कापडाचं दुकान टाकलं, तेव्हापासून इथलेच. घरात मराठी, दारात कन्नड, त्यामुळं आमच्या बोलण्यात स्वल्प सरमिसळ असते. नव्वदनंतर पुण्याहून कॉम्प्युटरवाली पोरं यायला लागली, त्यांना आमचं मराठी ऐकून हसू यायचं. येऊ दे. सुई दिसली की तीच पोरं "अक्का, हळू" म्हणत डोळे मिटून घ्यायची.

बाहेरच्यांना वाटतं, या कामात टोचणं अवघड. टोचायला दोन मिनिटं लागतात. अवघड आहे ते माणसाला उपाशी ठेवणं. साखर तपासायची तर रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही जायला नको. मग रक्त घ्यायचं, मग माणसानं नेहमीसारखं जेवायचं आणि दोन तासांनी पुन्हा हात पुढं करायचा. हे मी दिवसातून दहादा सांगायचे, आणि तरी लोक सकाळी काफी पिऊन यायचे. "काफी म्हणजे काय खाणं होय, अक्का?" असं वर मलाच विचारायचे.

म्हाताऱ्या माणसांना माडी चढवत नसे, म्हणून सकाळी साडेसहाला मी लुना काढायची आणि घरोघर जायची. सामान जेवणाच्या तीन पुडांच्या डब्यात. वरच्या पुडात कापूस नि स्पिरिट, मधल्यात सुया नि बाटल्या, खालच्यात बर्फ. अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ. तेव्हाच्या बेंगळुरात डिसेंबरात हात गारठायचे, आणि गार हातानं शीर सापडत नाही, म्हणून प्रत्येक दारात आधी तळवे चोळून घ्यायचे. एकदा सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यानं विचारलं, "एवढ्या सकाळी डबा? कुठल्या फॅक्टरीत?" मी म्हटलं, "रक्ताच्या." हिरवा दिवा लागायच्या आत तो पुढं निघून गेला.

आमच्या डॉक्टरांना एकच वेड होतं. माणसानं आजारी पडायच्या आधी यावं. कानडी माणूस, शांत, पण या विषयावर बोलायला लागले की थांबायचे नाहीत. ते म्हणायचे, दात दुखतो, रक्तदाब दुखत नाही. साखर दारावर थाप मारून येत नाही. आतल्या आत रक्तवाहिन्या खराब होत राहतात आणि माणूस म्हणत राहतो, मी ठणठणीत आहे. त्यांनी जिन्यापाशी मोठी पाटी लावली, पन्नाशीनंतर वर्षातून एकदा तपासणी. पहिल्या महिन्यात तीन माणसं आली. त्यातल्या एकाला बसस्टॉप कुठं आहे ते विचारायचं होतं.

दुखणं नसताना तपासून घेणं म्हणजे आमच्या लोकांच्या हिशेबी विकतचं श्राद्ध. एका आजोबांनी तर मला जिन्यातच गाठून सांगितलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. उघडून बघायचीच कशाला?"

अपवाद एक, गोपाळराव. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, लॅबपासून चार गल्ल्या पलीकडं स्वतःचं घर, पुढं दोन नारळाची झाडं. घरात ते, त्यांच्या पत्नी शारदावहिनी, आणि गोपाळरावांची मोठी बहीण गंगूअक्का. अक्कांचे यजमान त्या तिशीत असताना गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून त्या भावाकडं राहत होत्या. गोपाळरावांना साखर होती आणि ते दर तीन महिन्यांनी स्वतःहून बोलवायचे. रिपोर्ट आले की तारीखवार फायलीत लावायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे. "पास," म्हणायचे. "ह्या खेपेलाही पास."

मला कौतुक वाटायचं. रिपोर्ट कायम उत्तम, आणि पायाची जखम मात्र दोन-दोन महिने भरायची नाही. हे कसं, ते मला समजेना.

ते समजलं स्वयंपाकघरात. गोपाळरावांचं रक्त काढून झालं की मी हात धुवायला आत जायची. तिथं अक्का उभ्या. काळसर, उंच, फिकट रंगाचं सुती लुगडं, हातात काही नाही. मला बघितलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"खाल्लीस काय ग?"

"अजून चार घरं आहेत, अक्का."

"असू दे की. उपाशी पोटानं दुसऱ्याचं रक्त काढू नये. बस."

मग उप्पिट, त्यावर लिंबाची फोड, आणि पितळी लोट्यातनं वर-खाली ओतून फेसाळलेली काफी. मी पाटावर बसून खायची, अक्का समोर काहीतरी चिरत बसायच्या. माझी आई मी शाळेत असताना गेली. त्यानंतर मी न सांगता कुणी माझ्यासाठी ताट काढून ठेवलंय, असं त्या एका स्वयंपाकघरातच व्हायचं. त्या दहा मिनिटांसाठी मी गोपाळरावांचं घर नेहमी फेरीच्या मध्ये घ्यायची. खरं तर ते वाटेवर पहिलं होतं.

एकदा अक्का हळूच म्हणाल्या, "नलू, ह्याचा निकाल खोटा बघ."

"कुणाचा?"

"आमच्या तम्माचा." साठीच्या भावाला त्या अजून तम्माच म्हणायच्या, म्हणजे धाकटा. "तू येणार म्हणून कळलं की चार दिवस कारल्याचा रस पितोय. भात बंद. देवळापर्यंत चालत जाऊन येतोय. तू गेलीस की दुपारी पुरणाची होळिगे कर म्हणतोय. वर तूप ओतून दोन खातोय."

पुढच्या खेपेला गुरुवारचं ठरलं होतं, मी सोमवारीच जाऊन उभी राहिले. गोपाळराव दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"आज कसं काय? गुरुवार म्हणालीस न्हवं?"

"इकडं आलेच होते, म्हटलं घेऊनच जावं."

"आज बेडा, नको. आज माझी तयारी नाही."

"तयारी नसतानाचंच हवंय मला."

साखर अशी निघाली की डॉक्टरांनी स्वतः फोन केला. गोपाळराव महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पोस्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाला न कळवता तपासणी झाली याचा राग आला, आणि तो बरोबरच होता. पण त्यानंतर ते सुधारले. जखम भरली, पाय वाचला. लोकांना मी सांगायची, हे पाहा, वेळेवर तपासल्याचा फायदा. भावाची चुगली कुणी केली ते मी कुणाला सांगितलं नाही. अक्कांनीच तसं बजावलं होतं.

मी अक्कांबद्दल लिहायला बसले आणि गोपाळरावांबद्दलच लिहीत सुटले. त्या घरात व्हायचंही तसंच.

हळदीकुंकवाची कल्पना माझी. लॅबमध्ये बायका येत नाहीत, पण संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत एकेका घरात चाळीस-चाळीस बायका येतात, सगळ्या चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या, आणि प्रत्येकजण मला कोपऱ्यात घेऊन विचारते, नलू, माझं डोकं का गं दुखतं? मग यंत्रच तिथं नेलं तर? डॉक्टरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. रक्तदाबाचं पाऱ्याचं यंत्र त्यांनी मला स्वतःच्या हातानं पुसून दिलं. शाळेच्या कंपासपेटीची मोठी बहीण म्हणावी अशी लांबट पेटी, झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहते आणि तीत पारा चढतो. दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबून हवा भरायची, कोपराच्या आत स्टेथोस्कोप ठेवायचा आणि हवा हळूहळू सोडायची. ठोका ऐकू यायला लागतो तो वरचा आकडा, बंद होतो तो खालचा. एवढंच आहे. दुखत नाही, रक्त निघत नाही, उपाशी राहावं लागत नाही.

शारदावहिनींनी सगळ्यांत आधी होकार दिला. "यंदाचं वाण वेगळं," म्हणाल्या. बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी मला टेबल दिलं. बायका यायच्या, हळदीकुंकू, अत्तर, तिळगूळ, इथलं तीळ-खोबरं-गुळाचं एळ्ळु-बेल्ला, उसाचा तुकडा, आणि मग माझ्यापुढं हात. दोघींच्या बांगड्या टेबलाच्या कडेला लागून मोडल्या, त्याचा अपशकुन होईल म्हणून एक घाबरली, तर वहिनींनी तिला आपल्या हातातल्या दोन काढून दिल्या. प्रत्येकीला मी कार्ड द्यायची. नाव, वय, दोन आकडे, आणि जास्त असतील तर खाली लाल पेन्सिलीनं 'डॉक्टरांना दाखवा'. पहिल्याच वर्षी अशा कितीजणी निघाल्या, ज्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. एकीचा तर एवढा होता की मी तिला तिथून रिक्षात घालून थेट डॉक्टरांकडं नेलं. ती बाई त्यानंतर पंचवीस वर्षं जगली. दर संक्रांतीला मला तिळगूळ पाठवायची.

मग काय, माझं नाव झालं. चामराजपेठेतून बोलावणं, यशवंतपूरच्या व्यापाऱ्यांच्या घरांतून बोलावणं. एका संध्याकाळी दोन-दोन घरं. चार वर्षं असं चाललं. डॉक्टर येईल त्याला सांगायचे, आमच्या नलिनीनं जे केलं ते पाटीला जमलं नाही. मी वरवर "असं काय, सर" म्हणायची आणि मनातून फुलायची. खोटं कशाला सांगू, मला त्या कामाचा गर्व झाला होता.

त्या चारही वर्षी गोपाळरावांच्या घरी तिळगूळ अक्कांनी केला. तीळ भाजले, खोबरं चिरलं, गुळाचे बारीक फासे पाडले, बायकांसाठी पन्नास कप काफी केली. बैठकीत काही त्या आल्या नाहीत. हळदीकुंकू सवाष्णींचं. विधवा बाई त्यात येत नाही, तिला कुणी बोलावत नाही, आणि ती आत असते याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. मी लहानपणापासून तेच बघत आलेली. आतून ताटं यायची, मी उठून दारापाशी घ्यायची, अक्का विचारायच्या, "आणि किती हायत बाहेर?" मी म्हणायची, "बाराजणी." एवढंच बोलणं.

चौथ्या वर्षी सगळं आटोपल्यावर मी आत गेले. अक्का पाटावर बसल्या होत्या, एक हात मानेच्या मागं दाबून.

"काय झालं, अक्का?"

"मान धरलीय. सकाळपासनं डोकं जड हाय. खोबरं चिरून चिरून."

यंत्राची पेटी माझ्या काखेत होती. ही गोष्ट मला नीट आठवते, कारण पेटी दुसऱ्या हातात घेऊनच मी पर्समधली बामची डबी काढली. अक्कांच्या मानेला बाम चोळला. "झोपा जरा," म्हटलं, आणि घरी गेले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. मी तर तो वळसा चार वर्षं लुनावरून घातला.

फाल्गुनात एका सकाळी लॅबमध्ये फोन आला. गोपाळराव होते, आवाज ओळखू येत नव्हता. अक्का काफी ओतताना खाली पडल्या, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाहीत. मी डॉक्टरांना घेऊन निघाले. आम्ही पोचलो तेव्हा फरशीवर काफी सांडलेली होती, अक्कांचं डोकं वहिनींच्या मांडीवर होतं आणि वहिनी नुसतं "अक्का, अक्का" म्हणत होत्या.

मोठ्या हॉस्पिटलात तिथल्या तरुण डॉक्टरनं त्यांचा दाब घेतला. दोनशे वीस बाय एकशे तीस. हृदयाचा आलेख काढला, तो हातात धरून आमच्याकडं आला आणि साधा प्रश्न विचारला.

"ह्यांचा आधीचा बीपी किती असायचा?"

गोपाळरावांनी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मग ते दोघंही माझ्याकडंच बघत राहिले, कारण दुनियेचे आकडे माझ्याकडं असायचे. त्या गल्लीतल्या एकेका बाईचा दाब मला तोंडपाठ होता. वहिनींचा एकशे तीस बाय ऐंशी. समोरच्या घरातल्या थोरल्या सुनेचा एकशे छत्तीस बाय शहाऐंशी. अक्कांचा मला माहीत नव्हता. एकदासुद्धा घेतला नव्हता.

"कधी बघितलाच नाही," मी म्हटलं.

तो म्हणाला, "हे कालपरवाचं नाही. हृदय जाड झालंय. बरीच वर्षं असणार. एक गोळी रोज घेतली असती तर बहुतेक ही वेळ आली नसती." तो रागावून बोलला नव्हता, रोज बोलत असेल तसंच बोलला. आमचे डॉक्टर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी काही बोलायला हवं होतं, असं मला फार दिवस वाटत राहिलं.

अक्का वाचल्या. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. वहिनींनी त्यांची खाट बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी टाकली, म्हणजे उजेड येईल. त्या घरात चाळीस वर्षं राहून अक्का बैठकीत अशा पहिल्यांदाच आल्या. मी दर गुरुवारी जायला लागले. डाव्या दंडाला पट्टा बांधायचा, आकडा कार्डावर लिहायचा, गोळ्या बघायच्या. आता स्वयंपाकघरात वहिनी असायच्या. त्या काफी द्यायच्या, चांगली द्यायच्या. मी उभ्यानंच प्यायची. उप्पिटाचं कुणाच्या ध्यानात नसायचं, आणि त्यांनी का ठेवावं? पण मला भूक लागायची. सकाळी त्या गल्लीत लुना वळली की आजही, आता लुनाही नाही तरी, मला भूक लागते.

पुढची संक्रांत आली. चार घरांची बोलावणी आली तसं मी सांगून टाकलं की हळदीकुंकवाला यंत्र आणणार नाही. लोकांना वाटलं, नलूला शिंगं फुटली. शारदावहिनी स्वतः माझ्या घरी आल्या. मला वाटलं, भांडणार.

त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हळदीकुंकू मी सोडणार नाही बघ. सासूबाईंनी दिलेलं हाय. पण यंत्राचा वेगळा दिवस करूया की. गुरुवारी. कुंकू नाही, ओटी नाही. नुसती काफी. कुणीही यायचं."

"कुणीही म्हणजे, वैनी?"

"म्हणजे आतल्याही." एवढं बोलून त्या पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "तू तरी बाहेरची. मी त्याच घरात होते न्हवं? रोज त्यांच्या हातचं जेवत होते." आम्ही दोघी रडलो, लपवण्यासारखं काही नाही त्यात.

त्या गुरुवारी दुपारी मी टेबल मांडलं, अक्कांच्या खाटेशेजारीच. नेहमीच्या बायका आल्या, आणि त्यांच्या मागून दुसऱ्या आल्या. कुणाची सासू, कुणाची नणंद, कुणाची मावशी, कुणाची दूरची आत्या जिला लग्नकार्यात मदतीला आणून नंतर ठेवूनच घेतलेलं. सतराजणी. हातात बांगड्या नाहीत म्हणून जपावं लागत नव्हतं, पट्टा पटकन बसत होता. त्या घरांत मी चार-चार वर्षं जात होते. तिथल्या माणसांच्या शिरा मला पाठ होत्या, पण या सतराजणींतल्या बाराजणींना मी आयुष्यात बघितलं नव्हतं. एकीला विचारलं, "तुम्ही कुठल्या घरच्या?" तिनं जे घर सांगितलं तिथं मी आदल्याच आठवड्यात रक्त काढून काफी पिऊन आले होते. "काफी मीच केली होती," ती म्हणाली.

सतरापैकी नऊ कार्डांवर मला लाल पेन्सिल वापरावी लागली. अक्का उशीला टेकून बघत होत्या. एकीचं झालं की डाव्या हातानं पुढचीला खूण करायच्या, "ये." तो एक शब्द त्यांना स्वच्छ यायचा. घाबरून दारातच उभी राहिलेली एक म्हातारी केवळ त्यांनी तीनदा "ये" म्हटलं म्हणून आत आली.

सगळ्या गेल्यावर मी शेवटी अक्कांचा दाब घेतला. एकशे अडतीस बाय चौऱ्याऐंशी. रोजच्या एका गोळीनं, दहा महिन्यांत. तो आकडा मी कार्डावर लिहिला आणि मला राहवलं नाही.

"अक्का, चार वर्षं मी इथंच बसत होते. दहा पावलांवर. एकदा म्हणायचं होतं, नलू, माझंही बघ. मी नाही म्हटलं असतं काय?"

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग बोलायला लागल्या. एकेक शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागायचा, मधे लाळ पुसावी लागायची. मी पुसली.

"बाहेरचं झालं... की तू आत यायचीस न्हवं," त्या म्हणाल्या. "पेटी घेऊन."

"हो."

"मी... बाही वर करून बसायची."

त्यांना अजून काही म्हणायचं होतं असं वाटून मी थांबले, पण त्यांचं बोलून झालं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि डावा हात माझ्या हातात तसाच राहू दिला.

त्यानंतर अक्का दीड वर्ष होत्या. मी एकही गुरुवार चुकवला नाही, पण त्यानं काय भरून येतं? मी निवृत्त होईपर्यंत ज्या घरात गेले तिथं आधी स्वयंपाकघरात जाऊन बघत असे, आत कोण आहे, आणि जी कोणी असेल, सासू, आत्या, भांडी घासणारी, तिचा दंड आधी मागत असे. घरचे लोक वैतागायचे. पुष्कळजणी वेळेवर सापडल्या. कुणीकुणी अजून आहेत, भेटल्या की दुवा देतात. मी हात जोडते आणि मनात म्हणते, बाई, तुझ्या जागी मला दुसरी कुणी हवी होती.